गिटलेल्या रुपयाचं बिल

"डाक्टरसायेब, पोट्ट्यानं रुपया गिटला जी!"

तुमसरच्या कुठल्याही दवाखान्यात हे वाक्य एकटं येत नाही. वाक्याबरोबर आई येते, आईमागं आजी, आजीमागं आत्या आणि आत्यामागं शेजारची एक बाई. या बाईचा प्रकरणाशी संबंध एवढाच, की रुपया तिनं दिलेला असतो. त्यातून पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा असेल तर विचारूच नका. लाकडी बैल ओढत दारोदार हिंडणाऱ्या पोरांच्या हातावर अख्खं गाव बोजाऱ्याचं नाणं ठेवतं, आणि हातावरची वस्तू तोंडात घालून पाहणं हे दोन-तीन वर्षांच्या माणसाचं राष्ट्रीय कर्तव्य असतं. या सगळ्या गोंधळात पोट्टा मात्र खुशीत. एरवी त्याच्याकडं कोणी ढुंकून बघत नाही. आज चार बाया त्याच्या तोंडाकडं टक लावून बसल्यात.

घरात पहिला प्रश्न आजोबांचा असतो, "कितीचा होता?" रुपया असेल तर आजोबांना पोराची काळजी वाटते. दहाचं नाणं असेल तर दोघांची.

डॉक्टरांना किमतीशी घेणं नसतं. ते विचारतात, किती वाजता, लाळ गळतेय का, पाणी पिऊ दिलं का, श्वास घेताना आवाज येतो का. आणि आत कुठं तरी संगणकासमोर एक तिसरा माणूस बसलेला असतो. त्यानं पोराला पाहिलेलंही नसतं. त्याला ना रुपयाची किंमत हवी, ना वेळ. त्याचा प्रश्न असतो, "टी अठराचा कितवा?"

या तिसऱ्या माणसाबद्दल मला फार दिवसांपासून लिहायचं होतं.

जगातल्या प्रत्येक दुखण्याला एक नंबर असतो, हे आपल्याला डिस्चार्जच्या कागदावर कळतं. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली माणसं कशाकशानं मरतात याची एक आंतरराष्ट्रीय यादी मांडली, तिथून हे खातं सुरू झालं. १९४८ साली ती यादी जागतिक आरोग्य संघटनेकडं आली आणि न मरणाऱ्यांचीही त्यात सोय झाली. १९९० साली मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत टी१८ म्हणजे अन्नमार्गात अडकलेली वस्तू. त्यात पुन्हा थांबे आहेत. टी१८.० म्हणजे तोंड, .१ अन्ननलिका, .२ जठर, .३ लहान आतडं, .४ मोठं आतडं आणि .५ म्हणजे गुदाशय व गुदद्वार. आमच्या तुमसर रोडवरून तिरोडीला जाणारी गाडी जशी तुमसर टाउन, गोबरवाही, डोंगरी बुजरुक करत जाते, तसा रुपया एकेक थांबा घेत जातो. बहुतेक गाड्या शेवटपर्यंत पोचतात. अडलीच तर सुरुवातीलाच, आउटर सिग्नलला, म्हणजे अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी अडते. नाणी तिथंच अडकण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त. शेवटी टी१८.९ आहे, म्हणजे गाडी नेमकी कुठं आहे ते चौकशी खिडकीलाही ठाऊक नाही.

रुपया अन्ननलिकेत आहे की श्वासनलिकेत, हे एक्स-रेत दिसतं. समोरून काढलेल्या एक्स-रेत गोल चकती दिसली तर तो बहुधा अन्ननलिकेत असतो. नुसती उभी रेघ दिसली तर श्वासनलिकेची शंका घ्यायची, आणि मग खाणाखुणा बदलतात, धावपळ बदलते आणि नंबरही टी१७ होतो. गोल चकती दिसली की घरचे निम्मे शांत होतात. बाप फिल्म खिडकीच्या उजेडात धरून निरखतो, "छापा दिसते का काटा?" एक्स-रेला तेवढं दिसत नाही, हे त्याला पटत नाही. एवढं मोठं मशीन, आणि साल वाचता येत नाही?

आता खरी गोष्ट सांगतो. गिळलेल्या वस्तूंपैकी शंभरातल्या ऐंशी-नव्वद आपापल्या वाटेनं बाहेर पडतात. दहा-वीस जणांना दुर्बीण घालावी लागते, आणि चिरफाड करायची वेळ फार तर एखाद्यावर येते. म्हणजे डॉक्टर बहुतेक वेळा एक्स-रे बघून म्हणतात, "जठरात उतरलाय. घरी न्या. नजर ठेवा." ही नजर कोणी, कुठं आणि कशी ठेवायची, ते डॉक्टर एका वाक्यात सांगून मोकळे होतात. पुढचे चार-आठ दिवस एक बाई रोज सकाळी नाकाला पदर लावून, हातात काडी घेऊन बसते. नाणं सापडलं की ती ते धुते, पुन्हा धुते, आणि देवघरात ठेवायचं की गल्ल्यात, यावर घरात दोन तट पडतात. या संपूर्ण उपचारपद्धतीला सत्तर हजारांच्या घरातल्या अमेरिकन कोडांमध्ये एकही कोड नाही. दुर्बिणीनं काढलं तर आकडा आहे, चिमट्यानं काढलं तर आकडा आहे. काडीनं काढलं तर फुकट.

आजीच्या केळ्यांचंही तसंच. केळं, भाताचा न चावलेला गोळा, पाठीत धपाटा, पाय धरून उलटं टांगणं, अशी आजीची प्रक्रियांची यादी सरकारी यादीपेक्षा लहान, पण अंमलबजावणी तत्काळ. तिला कोणाची पूर्वमंजुरी लागत नाही. डॉक्टर या यादीवर चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे. अडकलेल्या वस्तूवर भाताचा गोळा लोटला की एकाच्या दोन वस्तू अडकतात, आणि पुढं दुर्बिणीखाली द्यायचं म्हटलं तर पोट रिकामं हवं असतं. पण केळ्याची कीर्ती काही कमी होत नाही. २०१६ साली मुंबईत एका चोरानं हिसकावलेली सोनसाखळी पकडला जाताच गिळून टाकली. एक्स-रेत साखळी दिसली. पोलिसांनी त्याला चाळीसच्या वर केळी चारली, आणि मुद्देमाल हस्तगत झाला. मला त्यातला एकच तपशील छळतो. ती केळी सरकारी दप्तरात कुठल्या शीर्षाखाली पडली असतील? आहार, औषध, की तपासाची साधनं?

आमच्याकडं मोठ्या माणसांचं अडकणं बहुतेक माशापाशी. आमचा भंडारा हा तलावांचा जिल्हा. रोहू-कतला खाणारा माणूस इथं जन्मापासून काटे काढायला शिकतो, आणि तरी रोहूच्या मांसात लपलेले ते दुफाटे बारीक काटे एक दिवस डाव साधतातच. माणूस बोलायचा थांबतो, डोळे मोठे करतो, बोटानं गळा दाखवतो. पंगतीतले सगळे एकदम वैद्य होतात. गळ्यातला काटा डॉक्टरनं काढून समोर ट्रेमध्ये ठेवला की पेशंट पहिलं काय म्हणतो? "एवढाच?" त्याला निदान बोटभर लांबीची अपेक्षा असते. बायकोला दाखवायला तो काटा कागदात बांधून घरी नेतो.

आपल्या पुराणांत या आजारपणाची परंपरा जुनी आहे. कोडिंगवाल्यांनी तिकडं लक्ष दिलेलं नाही म्हणून थोडं मीच करून ठेवतो. बाळकृष्णानं माती खाल्ली. यशोदेनं तोंड उघडायला लावलं. टी१८.०. आत सगळं विश्व दिसलं, म्हणजे एकाहून अनेक ठिकाणी वस्तू, टी१८.८. माती खाण्याची खोड लागली असेल तर तिचा कोड वेगळा, एफ९८.३. तीन कोड, पेशंट एक. विमा कंपनी त्यातला सगळ्यांत स्वस्त तेवढा मंजूर करील. अगस्तींनी वातापीला खाऊन पोटावरून हात फिरवला आणि जिरवून टाकला. याला हल्ली कन्झर्व्हेटिव्ह मॅनेजमेंट म्हणतात. साधन नाही, भूल नाही, म्हणून बिल नाही. गणपतीची केस मात्र गुंतागुंतीची. अनलासुर गिळला, टी१८.२, सोबत अंतर्गत दाह. अठ्ठ्याऐंशी हजार ऋषींनी प्रत्येकी एकवीस दूर्वा वाहिल्या तेव्हा आग शमली. हिशेब केला तर अठरा लाख अठ्ठेचाळीस हजार दूर्वा होतात. ज्यानं कधी मेडिक्लेम भरलाय त्याला पुढचं माहीत आहे. त्या कॉलमसमोर लाल शाईत येणार, 'कन्झ्युमेबल्स नॉट पेएबल'.

अमेरिकेनं दहावी आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून घेतली, पण घेताना तिच्यावर आपलं बांधकाम केलं. तिकडं नुसतं टी१८.२ लिहून सुटका नाही. टी१८.२एक्सएक्सए असं लिहावं लागतं. मधले दोन एक्स म्हणजे जागा धरून बसलेले रुमाल, आणि शेवटचा ए म्हणजे या गिळण्यावर पहिला उपचार चाललाय. पुढं तपासायला आलात तर डी. आयुष्यभराची आठवण राहिली तर एस. वस्तू पूर्ण निघून गेली तरी सुटका नाही. 'पूर्वी अंगात वस्तू राहिली होती, ती आता पूर्ण काढली आहे' असा इतिहास नोंदवायला झेड८७.८२१ आहे. पत्रिकेत मंगळ असतो, तसा पोराच्या फायलीत हा आकडा.

बरं, टी१८ फक्त कुठं ते सांगतो. काय गिळलं ते सांगायला डब्ल्यू४४ आहे. हा मूळ कोड साधा होता, पण ऑक्टोबर २०२३ पासून अमेरिकेनं त्याला अशा फांद्या फोडल्या की वाचता वाचता जेवण राहून जावं. बॅटरी वेगळी, बटण-बॅटरी वेगळी. प्लास्टिकचा मणी वेगळा, प्लास्टिकचं नाणं वेगळं, प्लास्टिकची बाटली वेगळी. अखंड काच वेगळी, धारदार काच वेगळी. रबरबँडला स्वतंत्र घर आहे. किड्याला आहे. जी१ म्हणजे 'ऑडिओ उपकरण'. कानात घालायची ती बोंडं लोक गिळू लागले तेव्हा कुणा समितीनं गंभीर चेहऱ्यानं ठराव केला असणार. आणि एच२ म्हणजे सुरी, तलवार किंवा खंजीर. मी हे पुन्हा वाचलं. तलवार. अमृतसरला २०१६ साली एका माणसाच्या पोटातून डॉक्टरांनी चाळीस चाकू काढले होते, त्यामुळं सुरीचं समजू शकतो. पण तलवार गिळलेला माणूस अपघात विभागात येतो तेव्हा ती कुठल्या थांब्यावर आहे, हे शोधायला एक्स-रे कशाला लागतो?

नाण्याचा मात्र पेच आहे. नाण्याला दोन कोड आहेत. डी२ म्हणजे चुंबकीय धातूचं नाणं, ई२ म्हणजे चुंबकाला न चिकटणारं. आता आमच्या आत्याला विचारा, "गिटलेला रुपया चुंबकाला चिकटतो का?" आत्या डॉक्टरकडं असं बघेल की डॉक्टरनंच काही गिळलंय. पण प्रश्न वाटतो तेवढा वेडा नाही. आपला आजचा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो. एके काळचा तांबं-निकेलचा जाड रुपया चिकटत नव्हता. पाचाचं पिवळं नाणं चिकटत नाही. अमेरिकेचा पाव डॉलरही चिकटत नाही. म्हणजे आजीच्या बटव्यातला जुना रुपया गिळला तर ई२, शेजारणीनं दिलेला नवा गिळला तर डी२, आणि दोन्ही गिळले तर संगणकाजवळच्या त्या तिसऱ्या माणसाचा दिवस सत्कारणी.

एवढ्यावर भागत नाही. घटना कुठं घडली, त्याला वाय९२. तिकडच्या यादीत एका कुटुंबाच्या घराचं स्वयंपाकघर आहे, तुरुंगातला पोहण्याचा तलाव आहे, शेतावरचं कोंबड्यांचं खुराडंही आहे. ओसरी नाही, धानाचं खळं नाही. आमची निम्मी पोरं खळ्यात वाढतात आणि गिळण्यालायक सगळ्या वस्तू तिथंच मिळतात. वेळ पडली तर आमच्या पोरांना जवळचा कोड म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यातच बसवावं लागेल, आणि आई विचारेल, "आमचा पोट्टा कोंबड्याईत कवा गेला होता?"

हे झालं निदानाचं. केलेल्या कामाचे आकडे वेगळे, आणि त्यांची मालकी अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडं. १९६६ पासून ही यादी निघते. त्यात माझं सर्वांत आवडतं काम ७६०१०. अधिकृत वर्णनाचा अर्थ असा: 'वस्तू शोधण्यासाठी नाकापासून गुदाशयापर्यंत एक्स-रे, एकच चित्र, बालक.' एका ओळीत केवढा प्रवास! आपल्याकडं एवढ्याशा जागेत क्वचितच कोणी इतकं सांगितलं असेल. ४३२४७ म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून वरच्या अन्नमार्गातली वस्तू काढणं. एक काढा नाहीतर सात काढा, आकडा तोच. हिरा असो की हरभरा, आकडा तोच. इथं तिसऱ्या माणसाचं आणि आजोबांचं नातं कायमचं तुटतं. आजोबांचा सगळा प्रश्नच 'कितीचा' हा होता.

समजा, तुमसरचा एखादा इंजिनिअर न्यू जर्सीत आहे आणि त्याच्या पोरानं पाव डॉलर गिळला. दुर्बिणीनं दहा मिनिटांत निघाला. काही आठवड्यांनी घरी लिफाफे येतात. एक दवाखान्याचा, एक दुर्बीणवाल्या डॉक्टरचा, एक ००७३१ असा आकडा टाकून भूलतज्ज्ञाचा, एक एक्स-रे वाचणाऱ्याचा, ज्यानं तो दुसऱ्या गावी बसून वाचला. इकडं आजीला व्हिडिओ कॉलवर हे कळतं. ती आधी पोराला बघते, मग नाणं कॅमेऱ्यासमोर धरायला लावते, मग विचारते, "पाव डालर म्हंजे आपले किती रे?" उत्तर ऐकते. मग बिल किती ते ऐकते. आणि मग बराच वेळ बोलत नाही. शेवटी म्हणते, "केरं नाई भेटत का तिकडं?"

इकडं आपली तऱ्हा निराळी. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राज्यभर गेली, २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचं नाव आहे. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान योजना आली. २०२३ च्या शासननिर्णयानं राज्याच्या यादीतले उपचार ९९६ वरून १३५६ झाले, कुटुंबामागं वर्षाला पाच लाखांचं संरक्षण ठरलं, आणि पिवळ्या-केशरीसोबत पांढऱ्या रेशनकार्डालाही जागा मिळाली. मी याची चेष्टा करणार नाही. तुमसरच्या माणसाला ही योजना म्हणजे शेत गहाण न टाकता नागपूरहून परत येणं.

पण कागद तो कागदच. अमेरिकेत कोड विचारतो काय गिळलं. आपल्याकडं खिडकी विचारते, गिळणाऱ्याचं नाव रेशनकार्डात आहे का. रेशनकार्डात नाव चढेपर्यंत पोर बालवाडीत जातं, आणि गिळायचं वय त्याच्या आधीचं. मग आरोग्यमित्र नावाचा तरुण कामाला लागतो. हा आपल्या व्यवस्थेतला सर्वांत कमी गौरवलेला माणूस. कोणाचं आधार, कोणाचा जन्मदाखला, आधीचा एक्स-रे, नंतरचा एक्स-रे, सगळं तो चढवतो. आणि पलीकडून प्रश्न आला की आजीला झेपेल अशा भाषेत तो समजावतो. मी त्या दिवसाची वाट बघतोय, जेव्हा पलीकडून विचारणा येईल: 'उपचारानंतरच्या एक्स-रेमध्ये वस्तू आढळून येत नाही. खुलासा सादर करावा.'

खासगी विम्याची खोच वेगळी. पूर्वापार अट अशी की किमान चोवीस तास भरती राहिलात तरच दावा. त्याहून कमी वेळाचे उपचार डे-केअरच्या यादीत सापडले तर मिळतील. वस्तू दहा मिनिटांत निघते. यादीत नेमकं तेच काम नसलं तर उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं पोरगं पलंगावर काय करणार? वॉर्डातल्या सिस्टरच्या पेनचं टोपण तोंडात घालणार. तो नवा दावा. ए पासून पुन्हा सुरुवात.

एका वस्तूपाशी मात्र हसू थांबतं. रिमोटमध्ये, खेळण्यात, गाणं म्हणणाऱ्या शुभेच्छापत्रात असते ती चपटी बटण-बॅटरी. ती ओली झाली की अन्ननलिकेच्या भिंतीला विजेनं जाळते, आणि दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. तिचीही एक नाव-पत्रिका आहे: सीआर२०३२. आर म्हणजे गोल, २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंदी, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. २०१९ पासूनचा आपला नवा रुपयाही बरोबर वीस मिलिमीटरचा. म्हणजे एक्स-रेत दोघं जुळी भावंडं. फरक कडेला दिसतो: बॅटरीला आत दुसरं वलय असतं, आणि आडव्या चित्रात तिच्या कडेला पायरी दिसते. ते वलय दिसलं की 'घरी न्या, नजर ठेवा' नाही. रात्री दोन वाजले असले तरी नागपूरची गाडी. उलटी करवायची नाही, भाताचा गोळा तर नाहीच. वर्षाच्या वरच्या पोराला गिळता येत असेल तर वाटेत थोडा थोडा मध द्यावा, असं अमेरिकेच्या विषबाधा केंद्राचं सांगणं आहे. पण मधासाठी गाडी थांबवायची नाही.

आणि त्या नावातला पहिला सी? तो लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडच्या जोडीचा. मँगनीज म्हटलं की तुमसरचा माणूस मान वर करतो. चिखला आणि डोंगरी बुजरुकच्या खाणी आमच्याच तालुक्यात, आणि डोंगरीचा मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलच्या धंद्यात नावाजलेला. तिथं त्याचा शुद्ध प्रकार बनवायचा कारखानाही आहे. पोट्ट्यानं गिळलेल्या त्या चकतीतला मँगनीज आमचाच असेल असं मी म्हणत नाही. पण नात्यातला आहे. नातेवाईक घरात आला की सगळ्यांत आधी उंच फळीवर ठेवावा, एवढं मी जरूर म्हणतो.

बाहेर काढलेल्या वस्तूचं पुढं काय, याबद्दल कोड मौन बाळगतात. फिलाडेल्फियाचे डॉक्टर शेव्हालिए जॅक्सन यांनी आयुष्यभर माणसांच्या घशातून, अन्ननलिकेतून, फुप्फुसांतून वस्तू काढल्या आणि त्या जपून ठेवल्या. २,३७४ वस्तू आज तिथल्या म्यूटर संग्रहालयात खणांमध्ये लावलेल्या आहेत: सेफ्टी पिना एका खणात, बटणं एका खणात, नाणी एका खणात. त्यांत 'शुभशकुनासाठी मला जवळ बाळगा' असं कोरलेली एक चकती आहे. कुणीतरी सूचना फारच मनापासून पाळली. शाळेत पूर्ण हजेरीबद्दल मिळालेला एक बिल्लाही आहे. तो काढून घ्यायला गेला त्या दिवशी पोराची गैरहजेरी लागली असणार. आमच्या तुमसरात हा संग्रह जमला नसता. खणात ठेवायला आधी वस्तू डॉक्टरच्या हाती राहायला हवी. इथं आत्या हात पुढं करून उभी असते.

माणसांचं इतकं बारकाईनं लिहून ठेवणाऱ्यांनी गुरांना मात्र वाऱ्यावर सोडलंय. महाराष्ट्रात खरी किमती वस्तू गिळतात ती गुरं. २०१९ च्या पोळ्याला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या रायते वाघापूरला पुरणपोळीच्या ताटातलं मंगळसूत्र बैलानं नैवेद्यासकट गिळलं. घरच्यांनी आठवडाभर शेण तपासलं, म्हणजे तीच काडीची उपचारपद्धती, फक्त पाटी मोठी. शेवटी पशुवैद्यांनी पोट उघडून मंगळसूत्र काढलं. २०२३ साली आमच्याच विदर्भात, वाशिम जिल्ह्यात, टरफलांच्या ताटात काढून ठेवलेलं मंगळसूत्र म्हशीनं फस्त केलं. मेटल डिटेक्टरनं जागा शोधली, शस्त्रक्रिया झाली, साठ-पासष्ट टाके पडले. म्हैस बरी, मंगळसूत्र बरं. गुरांच्या पोटात तारा-खिळे इतके जातात की काही ठिकाणी पशुवैद्य आधीच पोटात एक चुंबक सोडून ठेवतात. म्हणजे 'चुंबकीय की अचुंबकीय' हा अमेरिकन प्रश्न गोठ्यात अगदी शहाणा ठरतो. सोनं त्या चुंबकाला बधत नाही. ई४, अचुंबकीय दागिना.

हे सगळं मी आमच्याकडं दूध घालणाऱ्या गवळीबुवांना एकदा समजावून सांगत होतो. त्यांनी टी१८ चे थांबे मन लावून ऐकले. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या यादीत पोट किती?"

"एकच. टी१८.२."

"मानसाले एकच रायते जी. आमच्या म्हशीले चार." त्यांनी किटली खाली ठेवली आणि बोटं मोजली. "मंग चार बिलं होतीन का?"